अक्कलदाढेची बखर

माणसाला बत्तीस दात असतात असे आपण लहानपणी पाठ करतो. पण ज्या वयात पाठ करतो त्या वयात बत्तिशीतले निदान चार दात अजून उगवलेलेच नसतात. सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ येते, बाराव्या-तेराव्या वर्षी दुसरी. त्यानंतर पाच-सहा वर्षे तोंडात सामसूम असते. घराच्या सगळ्या खोल्या वाटून झाल्या, माणसे आपापल्या जागी रुळली, आणि मग एके रात्री दारावर थाप पडावी तशी तिसरी दाढ येते. काहींकडे ती गुपचूप येते, काहींकडे गाल सुजवून येते, काहींकडे हिरडीखाली आडवी होऊन पडून राहते आणि काहींकडे मुळी येतच नाही.

ही दाढ अजून येते तरी का? याचे एक ठराविक उत्तर आपल्या कानावर असते. पूर्वी माणूस कच्चे मांस आणि कंदमुळे खाई, त्याला मोठ्या दाढांची गरज होती. आता तो शिजवलेले मऊ अन्न खातो, तेव्हा दाढेचे काम संपले. न वापरलेला अवयव झिजत जातो, त्याप्रमाणे ही दाढही झिजत चालली आहे आणि पुढेमागे नाहीशी होईल. हे उत्तर सुटसुटीत आहे आणि त्यातले अर्धे खरेही आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र एकोणिसाव्या शतकाचे दोन गैरसमज दडून बसले आहेत, आणि त्यांतला एक तर बराच घातक होता. म्हणून ह्या दाढेची बखर जरा मुळापासून उलगडून पाहण्यासारखी आहे.

नावापासूनच आरंभ करू. 'अक्कलदाढ' हा जोडशब्द म्हणजे आपल्या भाषेच्या इतिहासाचा एक छोटासा नमुनाच होय. 'दाढ' ही संस्कृत 'दंष्ट्रे'पासून प्राकृत 'दाढा'च्या वाटेने घरी आलेली. 'अक्कल' मूळची अरबी, ती फारसीच्या संगतीने दख्खनेत उतरलेली. अरबीत हिला 'दिर्स-उल्-अक्ल' म्हणतात, फारसीत 'दंदाने-अक्ल'. लॅटिनमध्ये हे 'शहाणपणाचे दात' होते आणि त्यांच्याही आधी ग्रीकांनी त्यांना 'सोफ्रोनिस्तेरेस', म्हणजे माणसाला भानावर आणणारे, असे नाव दिले होते. तुर्की भाषेत हा 'वीस वर्षांचा दात' आहे. कोरियन भाषा त्याला 'प्रेमाचा दात' म्हणते, कारण तो येतो तेच वय पहिल्या प्रेमाचेही असते. जपानी लोक त्याला 'ओयाशिराझु' म्हणतात. म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेला, मूल त्यांच्या हाताखालून निघून गेल्यावर उगवणारा. ह्या साऱ्या नावांत एक गोष्ट समान आहे. दाढेचे काम कोणते हे कोणालाच नावात सांगावेसे वाटले नाही. सगळ्यांनी नोंदली ती तिची वेळ.

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांविषयी जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात ह्या दाढांचा उल्लेख आहे. तो त्यांना 'क्रान्तेरेस', म्हणजे बत्तिशी पुरी करणाऱ्या, म्हणतो. स्त्री-पुरुष दोघांनाही त्या विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात, असे सांगून तो एक लक्षात राहण्यासारखी गोष्ट जोडतो: ऐंशी वर्षे उलटून गेलेल्या काही स्त्रियांना अगदी आयुष्याच्या अखेरीस ह्या दाढा फुटल्या आणि फुटताना त्यांनी फार वेदना दिल्या.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत हिरडीच्या पंधरा विकारांची गणना केली आहे. त्यांत 'अधिमांस' नावाचा एक विकार आहे. हनुवटीच्या हाडाच्या अगदी मागच्या दाताशी मोठी सूज येते, तीव्र ठणका लागतो आणि तोंडातून लाळ गळत राहते, असे त्याचे लक्षण दिले आहे. त्यावर वाढलेले मांस छेदून टाकावे आणि वेखंड, पाठा, सज्जीखार, यवक्षार इत्यादींचे चूर्ण मधातून लावावे, असा उपचार सांगितला आहे. अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा एक पदर राहतो, त्याखाली अन्न अडकून तो सुजतो. आजचा दंतवैद्य रोज पाहतो तो हाच प्रकार, हे ओळखायला फारसा त्रास पडत नाही. त्याच यादीत 'वर्धन' म्हणूनही एक विकार आहे: वाताच्या जोराने एखादा जादा दात भयंकर वेदना देत उगवतो आणि उगवून झाला की वेदना आपोआप शमते.

तेव्हा ही दाढ छळते हे दोन-अडीच हजार वर्षे माणसाला ठाऊक आहे. पण ती मुळात का येते, हा प्रश्न ना ग्रीक तत्त्वज्ञाने विचारला, ना आपल्या शल्यविशारदाने. तसा प्रश्न सुचण्यासाठी माणसाच्या देहाला इतिहास आहे ही कल्पना आधी रुजावी लागते. ती रुजली एकोणिसाव्या शतकात.

चार्ल्स डार्विनने १८७१ साली मानवाच्या वंशावळीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाच्या शरीरात पूर्वजांच्या राहिलेल्या खुणांची त्यात जी यादी आहे, तीत कान हलविण्याचे स्नायू, आंत्रपुच्छ, शेपटीच्या हाडाचा शेष यांच्या पंक्तीला अक्कलदाढही बसविली आहे. डार्विनचे म्हणणे असे, की अधिक सुधारलेल्या मानववंशांत ही दाढ अवशेषरूप होण्याच्या मार्गावर दिसते. ती इतर दाढांपेक्षा लहान असते, तिला दोनच मुळे असतात, सतराव्या वर्षापर्यंत ती हिरडीतून वर येत नाही आणि किडतेही लवकर. उलट, काळ्या वर्णाच्या वंशांत तिला बहुधा तीन स्वतंत्र मुळे असतात आणि ती शाबूत असते. ह्या फरकाचे कारण म्हणून शाफहाउझेन ह्या जर्मन पंडिताचे मत तो देतो: सुधारलेल्या लोकांचा जबडा मागच्या बाजूने आखूड झाला आहे, आणि ते नेहमी मऊ, शिजवलेले अन्न खातात म्हणून तो तसा झाला असावा. पुढच्या आवृत्तीत त्याने आणखी एक बातमी घातली. अमेरिकेत मुलांच्या काही दाढा काढून टाकण्याची पद्धत बरीच रूढ होत चालली आहे, कारण सगळे दात मावण्याइतका जबडाच वाढत नाही, असे मिस्टर ब्रेस यांनी आपल्याला कळविल्याचे तो सांगतो.

डार्विनच्या ह्या उताऱ्यात एक मोलाचे निरीक्षण आहे. दाढेपेक्षा जबड्याचेच काहीतरी बिनसले आहे आणि त्याचा अन्नाशी संबंध आहे, हे त्यात आले आहे. पण त्याच निरीक्षणाभोवती त्या काळाची दोन गृहीतेही गुंडाळलेली आहेत.

पहिले गृहीत असे, की जो अवयव वापरात नाही तो पिढ्यान् पिढ्या क्षीण होत जातो. बापाने दाढ वापरली नाही म्हणून मुलाची दाढ लहान होईल, ही समजूत त्या काळी सर्वत्र होती आणि डार्विन स्वतःही तिच्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रायबुर्गच्या ऑगस्ट वाइझमानने उंदरांच्या अनेक पिढ्यांच्या शेपट्या कापून पाहिल्या. पुढच्या पिढीचे पिल्लू प्रत्येक वेळी पुरी शेपटी घेऊनच जन्माला आले. आयुष्यात देहावर जे घडते ते बीजात उतरत नाही. दंतवैद्याने कितीही पिढ्यांच्या अक्कलदाढा उपटल्या, तरी नातवाची दाढ त्याला भीक घालणार नाही.

दुसरे गृहीत अधिक गंभीर आहे. 'सुधारलेले' वंश आणि 'रानटी' वंश अशी एक शिडी डोळ्यांपुढे ठेवायची आणि दाढेच्या मुळांवरून कोण कोणत्या पायरीवर आहे ते ठरवायचे. ज्यांच्या दाढा शाबूत ते वानराच्या जवळ, ज्यांच्या दाढा अडकलेल्या ते पुढे गेलेले! हाडे मोजणाऱ्यांच्या हाती अशी मापे आली की ती संग्रहालयाच्या कपाटात राहत नाहीत. राज्यकर्त्यांच्या कचेरीपर्यंत पोचतात. आपल्या देशातही त्या शतकाच्या अखेरीस नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावण्याचा उद्योग हर्बर्ट रिस्लेने केला होता. तेव्हा अक्कलदाढेच्या प्रश्नाचे उत्तर नीट लागणे हे केवळ दाढदुखीपुरते महत्त्वाचे नव्हते.

आता जुन्या हाडांची साक्ष काढू. वानर, चिंपांझी, गोरिला यांनाही बत्तीसच दात असतात आणि त्यांची तिसरी दाढ कुरकुर न करता आपल्या जागी बसते. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट नावाच्या चिमुकल्या माकडांनी मात्र ती पार टाकून दिली आहे. म्हणजे अशी दाढ निसर्गात नाहीशी होऊच शकत नाही असे नाही. आपल्या कुळाच्या एका शाखेत तर ती अवाढव्य झाली होती. १९५९ साली मेरी लीकी यांना टांझानियातील ओल्डुवाय घळीत सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली. तिच्या दाढा इतक्या रुंद, की लोकांनी तिला 'अडकित्तेवाला' अशा अर्थाचे नाव ठेवले. ही शाखा पुढे खुंटली. आपल्या शाखेने दगडाच्या हत्याराने कापणे आणि विस्तवावर शिजविणे ही कामे तोंडाबाहेर नेली, आणि चेहरा हळूहळू आत ओढला गेला.

डार्विनला पत्र पाठविणारे ते ब्रेस म्हणजे न्यूयॉर्कचे समाजसेवक चार्ल्स लोरिंग ब्रेस. मौज अशी, की त्यांच्याच नावाच्या त्यांच्या पणतूने, मानवशास्त्रज्ञ सी. लोरिंग ब्रेस यांनी, विसाव्या शतकात आपली बरीचशी कारकीर्द दातांची मापे घेण्यात घालविली. त्यांचा निष्कर्ष असा, की हिमयुगाच्या उत्तरार्धात माणसाचे दात दर दोन हजार वर्षांना सुमारे एक टक्का या वेगाने लहान होत होते आणि गेल्या दहा हजार वर्षांत हा वेग दुप्पट झाला. त्यांनी बोट ठेवले ते भट्टीवर आणि मडक्यावर. मडके आले म्हणजे पेज आली, आणि पेज आली म्हणजे बिनदाताचा माणूसही जगू लागला.

हीच गोष्ट आपल्या भूमीतही दिसते. उत्तर प्रदेशातील प्रतापगढ जिल्ह्यात सराय नाहर राय आणि महदहा येथे मध्याश्मयुगातल्या शिकारी लोकांचे सांगाडे मिळाले. त्यांचे दात मोठे आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केले. तेथे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० च्या सुमारास जव पिकविणारे, गुरे पाळणारे, रंगीत मडकी घडविणारे शेतकरी राहत होते. त्यांचे सांगाडे जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी अभ्यासले. गंगेच्या खोऱ्यातल्या त्या शिकाऱ्यांपेक्षा ह्या शेतकऱ्यांचे दात लहान आहेत, आणि धान्य खाणाऱ्यांच्या पाठीस लागणारी कीडही त्यांत आहे. आजच्या मराठी माणसाच्या तोंडाचा इतिहास अशा एखाद्या घोडकाठच्या चुलीपाशी सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही.

पण दात लहान झाले तर ते मावायला हवेत. मग अडकतात का? कारण दात एका गतीने लहान झाले आणि जबडा त्याहून जलद. इथेच सगळ्या बखरीची मेख आहे.

दात आणि जबडा यांची घडण दोन वेगळ्या कारखान्यांत होते. दाताचे शिखर हाडाच्या आत, कोणाच्या दृष्टीस न पडता, जवळजवळ पूर्ण घडून मग बाहेर येते. त्याचा आकार मुख्यतः आनुवंशिकतेने ठरलेला असतो, आणि एकदा त्यावर कवच चढले की तो वाढत नाही, फक्त झिजतो. जबड्याचे हाड मात्र कामकरी आहे. मूल जितके चावते तितका हाडावर ताण येतो आणि त्या ताणाला उत्तर म्हणून हाड वाढते. तालमीत जाणाऱ्या पोराचा दंड भरतो तसे. म्हणजे दाढ वारशाने मिळते आणि जबडा बालपणात कमवावा लागतो. वारसा लाखो वर्षांचा. बालपण दहा-पंधरा वर्षांचे.

ह्याला प्रयोगांचा आधार आहे. १९८२ साली रॉबर्ट कोरुचिनी आणि बीचर यांनी खारमाकडांना लहानपणापासून मऊ अन्न देऊन पाहिले. त्यांचे जबडे अरुंद राहिले आणि दात वेडेवाकडे आले. २००४ साली डॅनिएल लीबरमन यांनी हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्याच्या काही पिल्लांना शिजवलेले आणि काहींना कच्चे, वाळलेले अन्न दिले. शिजवलेले खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग सुमारे दहा टक्के कमी वाढला. मागचा भाग म्हणजे नेमकी अक्कलदाढेची जागा. २०११ साली नोरीन फॉन क्रॅमॉन-टाउबाडेल यांनी जगातल्या अकरा मानवसमूहांचे जबडे ताडून पाहिले. शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्यांचे जबडे लांब होते, शेतीवर जगणाऱ्यांचे आखूड व रुंद. हा फरक वंशाच्या जवळिकीने उलगडत नव्हता, उपजीविकेने उलगडत होता.

ह्या सर्वांत आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा पुरावा चंदीगढचा आहे. कोरुचिनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८३ साली त्या भागातल्या शहरी आणि खेडवळ तरुणांच्या दातांची ठेवण तपासली. दोघेही पंजाबी, दोघांचे पूर्वज एकच. पण शहरात वाढलेल्यांचे दात खेड्यात वाढलेल्यांपेक्षा अधिक वेडेवाकडे निघाले. खेड्यातल्या मुलाला भरड, चावून खाण्याजोगे अन्न मिळे; शहरातल्याला मऊ. ही तपासणी दातांच्या एकंदर ठेवणीची होती, केवळ अक्कलदाढेची नव्हती. पण जागेच्या टंचाईचे कारण दोन्हीकडे एकच आहे. एकाच रक्ताच्या माणसांत, एका-दोन पिढ्यांत, ताटातल्या अन्नाने जबडा बदलतो म्हटल्यावर त्या वंशांच्या शिडीचे काय उरते? डार्विनच्या काळी ज्यांची दाढ 'रानटी' म्हणून शाबूत ठरली, ते इतकेच करीत होते: त्यांची मुले चावून खात होती.

चावण्याला आणखी एक बाजू आहे. ॲडलेडचे दंतवैद्य पी. आर. बेग यांनी १९५४ साली ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाळू-माती मिसळलेले चरबरीत अन्न चावून त्यांचे दात वरून तर झिजतच, पण एकमेकांना घासून बाजूंनीही झिजत. अशी झीज होता होता संपूर्ण रांग सुमारे एक सेंटिमीटरने आखूड होई आणि मागच्या दाढेला जागा मिळे, असे बेग यांचे प्रतिपादन होते. अशा तोंडात अक्कलदाढ ही अडगळ नव्हती. सहाव्या वर्षी आलेली पहिली दाढ विशीपर्यंत गुळगुळीत झालेली असे. तेव्हा ताज्या दमाची, धारदार दाढ मागून येणे ही मोठीच सोय होती. आपल्याकडे जात्यावरच्या पिठात दगडाची बारीक कच उतरे, ती खाऊन म्हाताऱ्यांचे दात सपाट झालेले आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेले असत.

मग ती अठराव्या वर्षापर्यंत थांबते का? चिंपांझीची तिसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येते. २०२१ साली हालष्का ग्लोवाका आणि गॅरी श्वार्ट्झ यांनी याचा उलगडा मांडला. दाढ जबड्याच्या सांध्याच्या फार जवळ आली आणि तिच्यावर जोर पडला, तर सांध्याला इजा होऊ शकते; म्हणून जबडा पुढे वाढून सुरक्षित जागा तयार झाल्यावरच नवी दाढ वर येते. माणसाचा चेहरा आखूड आणि त्याची वाढ संथ. त्यामुळे सहा, बारा, अठरा असे लांब टप्पे पडतात. म्हणजे 'अक्कल' येण्याचे वय आणि दाढ येण्याचे वय एकत्र आले ते निव्वळ योगायोगाने नव्हे. ज्या दीर्घ बालपणात मेंदूची जडणघडण होते, त्याच बालपणाने दाढेलाही ताटकळत ठेवले. आपल्या पूर्वजांनी नाव ठेवताना वेळ पकडली ती बरोबर पकडली.

इथे कोणी विचारील, की एवढा छळ होतो तर निसर्गाने ही दाढ काढून का टाकली नाही? निसर्ग अवयवांच्या उपयुक्ततेची दरसाल तपासणी करीत नाही. त्याचा एकच हिशेब: ह्या अवयवामुळे कितीजण संतती होण्यापूर्वी मेले? अक्कलदाढेने माणसे मारली आहेत. मागच्या दाढेपासून पसरलेला पू जिभेखाली उतरून श्वास कोंडतो, त्या विकाराचे वर्णन विल्हेल्म फॉन लुडविग याने १८३६ साली केले, आणि पेनिसिलीन येईपर्यंत तो अनेकदा प्राणघातक ठरे. पण असे मृत्यू थोडे. बहुतेकजण ठणका सोसून, लवंग धरून, पोराबाळांचे धनी झाले. शिवाय वेळ किती झाला? शेती येऊन दहा हजार वर्षे, म्हणजे फार तर चारशे पिढ्या. पोलादी रुळांच्या गिरणीचा मऊशार मैदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याला सहा-सात पिढ्यांहून अधिक काळ झालेला नाही. लाखो वर्षे उपयोगी पडलेली दाढ इतक्यात पुसून जाण्याचे कारणच नाही.

ती काहींना येत नाही हे खरे. जगभरच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली काढलेल्या अंदाजानुसार सुमारे २३ टक्के लोकांना चारपैकी निदान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते. पण ह्यावरून 'आपण पुढे चाललो' असे कोणी समजू नये. चीनमधील लान्तियन येथे १९६३ साली सापडलेल्या आदिमानवाच्या जबड्यात तिसरी दाढ मुळातच उगवलेली नव्हती; तो जबडा सहा-सात लाख वर्षांपूर्वीचा आहे. दाढ नसण्याचा हा वारसा असा फार जुना, आणि प्रगतीशी त्याचा संबंध नाही.

दाढ अडकणे हेही सर्वस्वी आधुनिक नाही. फ्रान्समधील काप ब्लाँ येथील गुहाश्रयात १९११ साली एका मजुराची कुदळ एका सांगाड्यावर आदळली. तेरा ते पंधरा हजार वर्षांपूर्वीचा हा सांगाडा १९२६ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतला. अक्कलदाढा वर आलेल्या नाहीत, तेव्हा ही कोवळी मुलगी असली पाहिजे, असे सर्वांनी धरले आणि तिला 'मॅग्डेलेनियन मुलगी' हे नाव पडले. २००६ साली क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा दाढा हिरडीखाली अडकून पडलेल्या दिसल्या. ती पंचवीस ते पस्तीस वर्षांची प्रौढ स्त्री होती! ऐंशी वर्षे एका अडकलेल्या दाढेने तिचे वय चोरले. शेतीच्याही आधी एखादीच्या नशिबी हे दुखणे येई. शेतीने, मडक्याने आणि गिरणीने ते घरोघर नेले, एवढाच फरक.

ही बखर नीट न वाचल्याचा परिणाम अजून भोगला जातो. अक्कलदाढ म्हणजे निसर्गाची चूक, ती दुखो वा न दुखो काढलेली बरी, अशी समजूत अमेरिकेत इतकी रुजली की दरसाल लाखो निरोगी तरुणांच्या दाढा उपटल्या जाऊ लागल्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २००० साली वेगळा निर्णय दिला: रोग नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. दुखणारी, सुजणारी, शेजारच्या दाढेला किडविणारी दाढ काढलीच पाहिजे. सुश्रुताचा शस्त्राचा सल्लाही सुजेसाठीच होता. पण दाढेवर खटला भरताना जबड्याचीही जबानी घ्यायला हवी.

आणि जबड्याची जबानी लहान मुलांच्या ताटाकडे बोट दाखविते. विशीत ऊस चघळून जबडा वाढत नाही. जे व्हायचे ते हाड वाढत असतानाच होते. पोराला दात येताच त्याच्या हाती भाकरीचा पापुद्रा, गाजर, उसाचे करवे, हुरड्याचे कणीस येई, ते केवळ गरिबीमुळे येत नसे. आणि आज त्याच्यासमोर सगळे कुस्करून, भिजवून ठेवले जाते ते केवळ मायेपोटी नसते, वेळ नसतो म्हणूनही असते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. अक्कलदाढेच्या बाबतीत हल्ली तिसराच प्रकार होतो: दात आहेत, चणेही आहेत, पण चणे मुलांपुढे येतात ते पीठ होऊन.

दाढ उशिरा आली, नको तेव्हा आली, असे आपण तिच्यावर रागावतो. तिच्या हिशेबाने ती अगदी वेळेवर येते. सहाव्या वर्षापासून आपण खाल्लेल्या प्रत्येक घासाने तिच्यासाठी जागा राखलेली असेल, एवढ्या एका भरवशावर ती येते.